दोन ठिपके

३ जून २०२५

चिप जळाली आहे. बाकी सगळं शाबूत. बॅटरी चांगली, सोलर चांगला, भोंग्याला सरळ वायर लावली तर कान फाटतात. फक्त मधली बोटाच्या पेराएवढी काळी चिप मेली.

काटेकोंडचे श्रीपतराव खोकं, भोंगा, तारा सगळं उतरवून पिशवीत घालून दुकानात आले. गेल्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हापासून मुकं आहे म्हणाले. मी म्हटलं, मला बल्ब आणि रिमोट विकता येतात, हे येत नाही. महाडला न्या कुणाकडे तरी.

"रघुवीरभाऊंच्या हाताचा हाय, वहिनी. दुसऱ्याकडं न्यायला मन होत नाय. तुम्ही वाचता ना? भाऊ सांगायचे, आमची गोदा औषधाच्या बाटलीतला कागदसुद्धा सोडत नाय."

हे बाहेर असं सांगत होते! मला घरात म्हणायचे, दिवा घालव आता.

खोकं ठेवून घेतलं.

४ जून

काटेकोंड वाडी नदी आणि तिला मिळणारा ओढा, म्हणजे वहाळ, यांच्या बेचक्यात आहे. बाहेर पडायला एकच वाट, वहाळावरचा साकव, फळ्यांचा छोटा पूल. एकवीसच्या पुरानंतर ह्यांनी हे खोकं बनवलं. नदीतल्या जुन्या पडक्या पुलाच्या खांबावर पाणी मोजणारा डोळा, त्याची तार खोक्यात, आणि विहाराच्या छपरावर भोंगा. खांबावर लाल रंगाने २१० सेंटिमीटरची खूण ह्यांनीच काढली. तिथं पाणी लागलं की भोंगा. पुढच्या वर्षी हे गेले. खोकं मात्र वाजत राहिलं, वीज पडेपर्यंत.

कोऱ्या चिपा पेढ्यांच्या डब्यात सापडल्या. पाळणाही सापडला. चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र, पण हे त्याला पाळणाच म्हणायचे. चिप आत झोपवायची, दांडी पाडायची, तार कॉम्प्युटरला.

भरायचा प्रोग्राम तेवढा कुठे नाही. जुनी डिस्क उघडतच नाही.

६ जून

ह्यांच्या पुतणीला, मैथिलीला फोन केला. पुण्याला कंपनीत असलंच काम करते, आणि लहानपणी सुट्टीत ह्यांच्या दुकानातच पडलेली असायची. काकांनी तिला प्रोग्रामची फाइल मेलवर पाठवून ठेवली होती. जपून ठेव म्हणून. तिने जपली.

७ जून

मैथिलीने फाइल पाठवली. तिच्या कंपनीतल्या यंत्रांना लागते तशी करून, 'बिन' म्हणतात ती. चिप पाळण्यात घातली, भरली. पडद्यावर हिरवं आलं. चिप खोक्यात बसवली.

मुकं ते मुकंच.

८ जून

आज इतकी हसले की समोरचा मेडिकलवाला बाहेर येऊन बघून गेला.

मैथिलीने विचारलं, "काकू, पत्ता काय टाकलास?"

मी म्हटलं, "पोलादपूर, बाजारपेठ, एसटी स्टँडसमोर."

मग ती जी हसली. म्हणाली, "अगं, चिपमधला पत्ता. प्रोग्राम कुठल्या घरापासून मांडायचा ते." आमच्या चिपमधली घरं ८००० पासून सुरू होतात. मी तिथे शून्य राहू दिलं होतं, त्यामुळे सगळा माल भलत्याच ठिकाणी उतरला आणि चिपला काही सापडलंच नाही.

चूक तिचीही आहे असं तीच म्हणाली. बिन फाइल म्हणजे नुसता माल, वर पत्ता नाही. काकांची मूळ फाइल 'हेक्स' आहे. तिच्यात प्रत्येक ओळ स्वतःचा पत्ता घेऊन येते. आता तीच पाठवते म्हणाली.

९ जून

वाजला!

ह्यांची फाइल घातली, पत्ता विचारलाच नाही कुणी. खोक्याच्या डोळ्यासमोर पाण्याचं भांडं हळूहळू वर नेलं, आणि दुकानाच्या माळ्यावर भोंगा असा ओरडला की रिक्षावाले धावत आले. मी स्टुलावर बसून होते. ह्यांनी पहिल्यांदा वाजवला होता तेव्हाही मी ह्याच स्टुलावर होते. तेव्हा मी ओरडले होते, बंद करा ते. आज वाजू दिला.

११ जून

काटेकोंडला जाऊन खोकं बसवून आले. चंपाबाईंनी चहात साखर ओतली होती, आणि शेजारी बसून माझी उलटतपासणी. त्यांचं घर सगळ्यात खाली, मागच्या पावसात पाणी चुलीपर्यंत आलं होतं.

"वाजल ना गो ह्यो? का नुसताच टांगलाय, वाडीला नजर लागू नये म्हनून?"

वाजेल म्हटलं.

"कदी वाजल?"

खांबावरची खूण दाखवली. चंपाबाईंनी खुणेकडे पाहिलं, मग साकवाकडे, मग माझ्याकडे. "तितवर पाणी आलं का साकव खाली गेलेला असंल. मंग काय करायचं, भोंगा ऐकत बसायचं?"

मग श्रीपतरावांनी सांगितलं. वहाळ गाळाने भरलाय. नदी फुगली की पाणी वहाळात मागे घुसतं आणि साकव आधी बुडतो. ह्यांनी खूण काढली तेव्हा असं नव्हतं.

चहा तसाच राहिला.

१२ जून

ह्यांनी २१० उगाच धरलेलं नाही. श्रीपतरावांना ह्यांचं बोलणं आठवतं. उगाच वाजला तर दुसऱ्या वेळी कुणी उठणार नाही. खरंच आहे ते. आकडा खाली आणला तर साध्या पावसातही वाजेल, आणि मग चंपाबाई कूस बदलून झोपतील.

आणि नाही आणला तर साकव.

दिवसभर दुकानात बसून दुसरं काही केलं नाही. एकाला गरम पाण्याच्या कॉइलऐवजी डोअरबेल दिली.

१४ जून

वाडीतली माणसं खांबापाशी जमली. मी बांबू धरला, श्रीपतराव साकवाच्या फळीवरून नजर लावून बसले. कुठलं पाणी साकवाच्या बरोबरीचं, ते ठरलं. त्याच्या खाली वाव किती? म्हाताऱ्यांना चालायला वेळ लागतो, गुरं सोडायला लागतो. बराच वाद झाला. शेवटी १५० वर सगळ्यांनी मान हलवली. उगाच वाजला तर माझ्या नावाने खडे फोडा म्हटलं. चंपाबाई म्हणाल्या, "ते आमी तसंबी फोडतो. पन उठू."

आकडा वाडीने ठरवला. फाइल मात्र मला उघडायची आहे.

१६ जून

उघडली.

मला वाटलं होतं आत मैथिलीला कळेल असलंच काही असेल. पण हेक्स फाइल वाचता येते! साध्या अक्षरांची असते. प्रत्येक ओळ दोन ठिपक्यांनी सुरू, इंग्रजी कोलन. मग या ओळीत माल किती, मग पत्ता, मग ओळीचा प्रकार, मग माल, आणि अगदी शेवटी पडताळ्याचा आकडा. आकडे आपले नाहीत, सोळाचे. नवाच्या पुढे A म्हणजे दहा, B अकरा, असं F पर्यंत. मैथिलीने एकदा सांगितलं, मग पेन घेऊन बसले. रेशनच्या जुन्या पावत्यांच्या पाठी भरल्या.

शेवटच्या ओळीच्या वर एक आखूड ओळ एकटीच होती.

:019F0000D28E

D2 म्हणजे किती? तेरा सोळे दोनशे आठ, वर दोन. दोनशेदहा.

खांबावरचा लाल रंग आणि ही दोन अक्षरं एकच. ह्यांनी तो आकडा मुद्दाम वेगळ्या घरात ठेवलाय. मैथिलीही तेच म्हणाली, "बदलावा लागेल हे काकांना माहीत होतं, म्हणून बाजूला काढलाय." मला तसं वाटू द्यायला म्हणाली की खरंच, ते विचारलं नाही.

१७ जून

ह्यांच्या ओळीवर हात चालेना. एक अक्षर खोडायचं तर बोट तसंच वर.

शेवटी फाइलची नक्कल केली. नाव दिलं 'goda-tatpurti'. तात्पुरती. खरी ह्यांचीच, ती जागच्या जागी राहील. नकलेतही ती ओळ मी दुरुस्त केली नाही, सबंध काढून टाकली आणि माझ्या हाताने नवी लिहिली.

१५० म्हणजे 96. पडताळा मीच काढला. ओळीतल्या जोड्यांची बेरीज, दोनशेछप्पन्नच्या वर गेलं तर तेवढे टाकून द्यायचे, उरलेलं दोनशेछप्पन्नातून वजा. 01 चा एक, 9F चे एकशे एकोणसाठ, 96 चे एकशे पन्नास. तीनशे दहा. चोपन्न उरले. दोनशे दोन. CA.

:019F000096CA

लिहिताना मधेच F ऐवजी वेलांटी उमटली. त्याआधी दुकानाची पाटी टाइप करत होते, कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. वेलांटी खोडली, इंग्रजी केला, पुढे लिहिलं.

पाळण्याने फाइल घेतली नाही. लाल अक्षरात, फाइल चुकीची आहे.

१८ जून

बेरीज पुन्हा केली. तीच येते.

मैथिलीनेही केली. तीच.

१९ जून

पाळण्याला ह्यांची फाइल दिली की मुकाट घेतो. माझी दिली की लाल. पाच-सहा वेळा करून पाहिलं. मनात आलं, यंत्रालासुद्धा ह्यांचाच हात कळतो. लगेच स्वतःचीच लाज वाटली. यंत्राला काय कळतंय.

श्रीपतरावांचा फोन. नदीला लाल पाणी आलंय. मी म्हटलं, करते. ते म्हणाले, "तुम्ही करता हे माहीत हाय, वहिनी. म्हनून तर इचारतो."

फोन ठेवल्यावर पडदा पुसला. माझ्या ओळीच्या सुरुवातीला एक डाग आहे, बारीक ठिपक्यांचा गोल. निघत नाही.

२० जून

डाग नव्हता तो!!

सकाळी पाटी छापायला काढली. 'दुकानाची वेळः सकाळी नऊ ते रात्री आठ.' कागद हातात घेतला आणि 'वेळः' कडे बघत राहिले. हे दोन ठिपके मी कायम विसर्गाच्या बटणाने देते. महाडच्या डीटीपीवाल्याने तसंच शिकवलं, सगळ्या बाजारपेठेच्या पाट्या तशाच आहेत. टीपः. संपर्कः. कुणाला फरक दिसत नाही.

चिपच्या फाइलीत पण मी तेच बटण दाबलं होतं. कीबोर्ड मराठीवर होता. पुढचे आकडे दोन्हीकडे सारखेच उमटतात, म्हणून F येईपर्यंत काही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी फक्त वेलांटी खोडली. ओळीच्या तोंडाशी कोलन नव्हताच. विसर्ग होता! विसर्गाला पुढे धरायला अक्षर नसलं की कॉम्प्युटर ठिपक्यांचा गोल काढून दाखवतो, की बाई, इथे अक्षर राहिलं. आणि मी ओल्या फडक्याने तो पुसत होते.

मैथिलीला सांगितलं. आधी विश्वास बसेना तिचा. मग म्हणाली, "काकू, मी बेरीजच तपासत बसले. ओळीचं पहिलं अक्षर कोण तपासतं?" ऑफिसात सगळ्यांना सांगणार आहे. सांग म्हटलं. पोलादपूर, बाजारपेठ, असा पत्तापण सांग.

विसर्ग खोडला. कोलन दिला. पाळण्याने फाइल घेतली.

२१ जून

काटेकोंड. चिप बसवली. खांबावर नवी खूण मीच काढली, पांढऱ्या रंगाने. ह्यांची लाल खूण वर तशीच आहे. श्रीपतराव विचारत होते, ती पुसायची का? नको म्हटलं. मोजायला लागेल.

बादली वर नेली. पांढऱ्या खुणेला भोंगा. वाडीतली झाडून सगळी माणसं दारात. चंपाबाईंनी कानांवर हात ठेवून माझ्याकडे बघून मान हलवली. बहुतेक चांगल्या अर्थाने.

येताना एसटीत खिडकीशी बसले. हे असते तर म्हणाले असते, तुला सांगत होतो दिवा घालव. मी म्हणाले असते, घालवला असता तर आज काय झालं असतं?

बरं वाटतंय. खूप दिवसांनी नुसतं बरं.

२ जुलै

भोंगा उगाच वाजला. पाणी पांढऱ्या खुणेला टेकून उतरलं. सगळी वाडी साकव ओलांडून शाळेत जाऊन परत आली. चंपाबाईंचा फोन, "खडे फोडून झाले गो. घरी आलो."

मी विचारलं, पुन्हा वाजला तर?

"तर पुन्हा जाऊ. पाय हायत."

आकडा परत वर न्यावा का? दोन्ही फाइली उघडून बसले. नेला नाही.

२५ जुलै

काल दुपारपासून धार. रस्ता बंद, फोन लागत नाहीत. बाजारपेठेत गुडघाभर पाणी, माल माळ्यावर टाकला. इथून भोंगा ऐकू येत नाही. ऐकत मात्र बसले आहे.

२६ जुलै

श्रीपतराव चालत आले. चिखलाने कमरेपर्यंत भरलेले. भोंगा वाजला तेव्हा साकव कोरडा होता. पाणी लाल खुणेला लागलं तेव्हा साकव उरला नव्हता. खालची घरं गेली. माणसं सगळी शाळेत. चंपाबाईंची म्हैससुद्धा.

फाइलीच्या नावातून 'तात्पुरती' काढलं.