वर्षाची हजेरी

डिंडोली, सुरत
रविवार, ५ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. जयश्री हिस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

पुण्याची थंडी तुला सोसवते ना? मेसमधलं जेवण गोड मानून घे. इकडे पतंगांचे दिवस सरले, पण समोरच्या तारेवर एक लाल पतंग अजून अडकून फडफडतोय. तो बघितला की मला अमळनेरच्या शाळेची खिडकी आठवते. गुरुजी कविता चालीवर म्हणू लागले की आम्ही पोरं बाकावर ज्वारीसारखी डोलायचो. पुढे सगळं आयुष्य कापड गिरणीत रंगाच्या वाफेत गेलं, पण त्या चाली काही विटल्या नाहीत.

तुझ्या सासूबाईंचे गुडघे बरे आहेत. प्रदीपची पांडेसऱ्याच्या गिरणीत दिवसपाळी लागली आहे. वर्षा मजेत आहे.

हे शेवटचं वाक्य मी मागच्या पत्रांतही लिहिलं होतं. आज ते खरं आहे. मागच्या पत्रांत नव्हतं.

बेटा, दिवाळीनंतर शाळा उघडली आणि वर्षा वर्गात बोलेनाशी झाली. घरात नेहमीसारखी चिवचिव. शाळेच्या फाटकातून आत गेली की ओठ मिटलेले. तिच्या बाई, प्रमिलाबाई, मला म्हणाल्या, "आबा, पाटीवर सगळं बरोबर लिहिते हो. पण हजेरीला नुसता हात वर करते. असंच राहिलं तर वरच्या वर्गात कशी घालू मी?"

तुझ्या सासूबाईंनी दृष्ट काढली. प्रदीपने आधी चॉकलेटं आणली, मग आवाज चढवला. मी माझ्या शाळेतली वाऱ्याची एक कविता तिच्याकडून घोटून घेतली. घरात काय गोड म्हणायची! वर्गात मात्र मुकी. एक दिवस प्रदीप जेवता जेवता म्हणाला, "दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं करायला गेली, आणि इथे आपलीच मुकी झाली. बस झालं शिक्षण. पुण्याला जाऊन घेऊनच येतो."

आणि तो येणार होता गं. तुझं प्रॅक्टिकल अर्धं टाकून तुला घेऊन येणार होता. मी त्याला म्हटलं, मला एक रविवार दे.

तू एकदा लिहिलं होतंस ना, तुमच्या मॅडमनी शिकवलं म्हणून, की गप्प मुलाला "का बोलत नाहीस" असं विचारायचं नाही. त्याच्याशेजारी बसून हाताला काही काम घ्यायचं, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, आणि सहज विचारायचं, "बोललं तर काय होईल?" तेव्हा मला हसू आलं होतं. एवढं शिकायला पुण्याला जावं लागतं?

त्या रविवारी ओट्यावर सुरती पापडी निवडायला घेतली. वर्षा शेजारी. दाणे सोलता सोलता पापडीकडेच बघत मी विचारलं, "वर्षाताई, वर्गात बोललं तर काय होईल हो?"

ती म्हणाली, "रोग आत जाईल."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने आम्ही गाव सोडलं, तेव्हा तू पुण्यात होतीस. भुसावळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुझ्या सासूबाईंनी वर्षाच्या तोंडाला रुमाल बांधला आणि बजावलं, "गर्दीत तोंड उघडायचं नाही. मी सांगेपर्यंत." परत आलो, दिवाळी झाली, सगळे सगळं विसरले. उघड म्हणून सांगायचं तेवढं राहून गेलं. आणि वर्षाच्या लेखी वर्ग म्हणजे गर्दीच की!

मी हाक मारली तशा सासूबाई बाहेर आल्या. ऐकून आधी माझ्यावरच उखडल्या, "आठे घरमा तं दिनभर तोंड चालू ऱ्हास तिनं! माले काय माहीत?" मग पदर डोळ्यांना लावून बसल्या.

सोमवारी गुडघे दुखत असताना त्या शाळेत आल्या. तोच रुमाल धुऊन आणला होता. भरल्या वर्गात वर्षाच्या तोंडाला बांधला आणि सोडला. म्हणाल्या, "सोडी दिधा. आते बोल, माय."

प्रमिलाबाईंनी मुद्दाम हजेरी पहिल्यापासून घेतली. वर्षाचं नाव आलं. हात वर गेला, आणि मग, बारीक पण स्वच्छ, "हजर, बाई."

मागून एक पोरगा ओरडला, "बाई, हिला आवाज आहे!"

वर्षाने मागे वळून सुनावलं, "आहेच मुळी! तुझ्यासारखा फुटका नाहीये!"

वर्ग हसला, बाई हसल्या. मी दाराबाहेर उभा होतो. इतक्या कविता ऐकल्या जयश्री, पण त्या दोन शब्दांची चाल मला कुठल्याच गुरुजींनी शिकवली नव्हती.

हे वाचून तू पिशवी भरायला घेशील. भरू नकोस. तुझ्यापासून लपवलं म्हणून रागाव हवं तर, पण तिथे बसून रागाव. तू जवळ नव्हतीस म्हणून हे झालं नाही. तू तिथे शिकत होतीस म्हणून हे सुटलं. प्रदीप तोंडाने काही कबूल करणार नाही, पण काल शेजारच्या उखाला सांगत होता, "आमच्या घरचीने पुण्यातून पोरगी बरी केली."

वर्षा खांद्यावरून वाचते आहे. विचारते, "आई फक्त न बोलणाऱ्या मुलांनाच भेटते का?" मी सांगितलं, परीक्षा झाली की एप्रिलात ती बोलणाऱ्यांनाही भेटायला येणार आहे. माझा शब्द राख, आणि तोवर जीव लावून शीक.

तुझ्या शिकण्याने ज्याच्या घराला आवाज परत मिळाला, तो तुझा ऋणी,
काशीराम आबा