पायाची चौकशी, पोटाची तक्रार

चि. सौ. धाकट्या मेहुणीबाईंना गिरणीवाल्या भावोजींचे पोटभर आशीर्वाद. (‘पोटभर’ सवयीने लिहिलं, सध्या पोटाचं नाव काढू नकोस.) तुझा मोडलेला पाय कसा आहे? प्लास्टर निघाल्याचं कळलं. पण घाई नको, हाड ते हाड. ताई तुझ्या उशाशी आहे तोवर मला इकडे कसलीच चिंता नाही.

चिंता फक्त पोटाची. जेवलो की छातीवर धोंडा आणि आत गुरगुर. पोती वाहता वाहता गिरणीचा मालक झालो. दळण भरड पडतंय की बारीक, हे नुसत्या आवाजावरून रस्त्यातून सांगतो. पण स्वतःच्या पोटाची भाषा उमगेना. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोटाला नळी लावली, ऐकलं, आणि म्हणाल्या, “शेठ, गिऱ्हाइकाला रेशमासारखं पीठ, आणि स्वतःच्या पोटात आख्खे दाणे? अहो, पहिली गिरणी तोंडात. तिथे दळायचं, लाळेत भिजवायचं. पुढे जठर घुसळतं, लहान आतडं सगळा कस काढून रक्तात देतं, मोठं आतडं पाणी शोषतं. पण दात त्यांच्यापैकी कोणालाच नाहीत.” (एवढं ऐकवून वर फी घेतली.)

आता मी गिळायला कधीपासून लागलो? तुझी ताई समोर बसून गल्लीची खबर सांगायची. कोणाची सून रुसली, कोण कोणाशी बोलत नाही. ती रंगात आली की माझा घास तोंडातच राहायचा आणि आपोआप चावला जायचा. आता समोर भिंत. चार घासांत ताट रिकामं. परवा रेडिओ लावून जेवलो. पण बातम्या देणारी बाई मध्येच थांबून ‘ऐकताय ना?’ असं विचारत नाही.

असो. यातलं ताईला काही कळू देऊ नकोस. उगाच तिच्या जिवाला घोर.

तुझा,
भावोजी

ता. क. – पत्र जेवताना वाच. जरा मोठ्याने. ताई शेजारी असेल तेव्हा.

आणखी एक – काल ‘थांबा, ताईला बोलावते’ म्हणून तू फोन हातात घेऊन जिना चढलीस. दोन्ही पावलं अगदी सारखी पडत होती. गिरणीवाल्याचे कान आहेत, बाई. पण मग वर तुम्हा दोघींचं हसणं ऐकू आलं, म्हणून काही बोललो नाही. आणखी आठवडाभर खुशाल लंगड. तोवर मी चावून खातो.