ऊद माझ्याकडे

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७
या वर्षी रागवायचं नाही. ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, मलाच वाटलं म्हणून.

सकाळी ११
रागावलो. कारण रास्त होतं.
नया नगरात नसरीनबाजी मोफत वाचनालय चालवतात. त्यांचे पणजोबा येमेनकडून आलेले. बाई ८ फेब्रुवारीला 'साबा की शाम' करणार आहेत. साबा म्हणजे दक्षिण अरबस्तानातलं फार जुनं राज्य. शेबाची राणी तिथलीच, मुसलमान तिला बिल्कीस म्हणतात. तिचं राज्य, सुगंधी मालाचे उंटांचे तांडे, तिची बातमी आणणारा हुदहुद पक्षी, सगळं स्टेजवर येणार. आणि मला हे कोणाकडून कळावं? इस्त्रीवाल्याकडून! अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये त्या मुलखात राहून आलेला जाणकार एकच, तो मी. ओमानचं सलाला बंदर, दोन वर्षं, पुरवठा विभाग. पार्वती म्हणते अकरा महिने. बायकोला महिने मोजता येतात, इतिहास नाही.

६ जानेवारी
स्वतः गेलो. आपण होऊन जायचं नव्हतं, पण लोकांना अक्कल नसते तेव्हा ती घरपोच द्यावी लागते.
बाजी बऱ्या वाटल्या. चहा दिला. मी माझा शोध सांगितला: शेबाच्या राणीच्या मुदपाकखान्यात भाईंदरचं मीठ जात होतं. पुरावा भक्कम आहे. सलालाला मी मीठ चाखलं आणि ओळखलं. आमचं पिढीजात आगर. मी शाळा सातवीत सोडली, पण मीठ जिभेवर आलं की गाव सांगतो. चाळीस पानांचं भाषण तयार आहे, 'शेबाची राणी आणि भाईंदरचं मीठ'.
बाजी म्हणाल्या, काका, मीटिंग में आइए ना. म्हणजे भाषण पक्कं.

११ जानेवारी, रविवार
मीटिंग. भाषण रद्द! बाजी म्हणतात, तकरीर नहीं रखेंगे काका, लोग उठके चले जाते हैं. लोक उठतात ते भाषण वाईट असतं म्हणून. माझं ऐकलंय कोणी? कधीच नाही. मग उठतील कसे?
मग कामं वाटली. राणी ज्याला भेटायला गेली त्या राजा सॉलोमनचं सिंहासन रुडॉल्फकडे. रुडॉल्फ उत्तनचा सुतार, माझा चाळीस वर्षांचा दोस्त, त्याला मीच घुसवला. माइक-स्पीकर हितेशकडे, त्याचं डेकोरेशनचं दुकान आहे. मला बाजींनी विचारलं, सलाला में तो ऊद से आपका वास्ता रहा होगा?
म्हटलं, वास्ता? रोज शाम को. हात बसलेला है.
बाईंनी हात छातीवर ठेवला. म्हणाल्या, आपने पहले क्यों नहीं बताया! आणि वहीत लिहिलं: ऊद, रघूकाका, पंचवीस मिनिटं.
तर ऊद माझ्याकडे. आपण देवापुढे निखाऱ्यावर घालतो तो ऊद. सलालाला त्याची झाडं आहेत. तिथले लोक त्याला लुबान म्हणतात, ती त्यांची चूक. मी दोन वर्षं सुधारायचा प्रयत्न केला.
घरी येताना डोक्यात प्रकाश पडला. स्टेज माझं, पंचवीस मिनिटं माझी. ऊद हातानं घालायचा, तोंड मोकळंच की! भाषण होणार.

१६ जानेवारी
बाजींचा फोन. रियाज़ कैसा चल रहा है? बाई काम चोख घेतात. म्हटलं, रोज सात वाजता करतो, शेजारचे दार लावून घेतात. बाजी म्हणाल्या, अच्छे फ़नकार के पड़ोसी ऐसे ही होते हैं.
मग विचारलं, तार-वार ठीक है? म्हटलं, तार कशाला, चिमटा है. खूप हसल्या. काका, आप भी! आणि साथ में कोई बैठेगा? म्हटलं, अकेलाच काफ़ी हूँ, फक्त पंखे बंद ठेवा. बाजी म्हणाल्या, बिलकुल, सुर में ख़लल नहीं पड़ेगा.
सुर म्हणजे धुराची लकेर असावी. उर्दू गोड भाषा आहे.

२० जानेवारी
रुडॉल्फशी भांडण. आता आयुष्यभर बोलणार नाही.
सिंहासन दाखवायला आला होता. मी सहज मिठाचा विषय काढला. हा म्हणतो, आमच्या बायबलात सगळी यादी हाय, राणीने सोनं आणलं, मसाले आणले, हिरे-माणकं आणली. मीठ कुटं हाय? दाखव.
म्हटलं, रुडॉल्फ, लग्नाहून आलेला माणूस काय सांगतो? जिलेबी होती, मठ्ठा होता. पानात मीठ वाढलेलं, असं सांगतो का कोणी?
तो म्हणाला, रघू, तुझं डोकंच खारवलंय.
मग मी म्हणालो की तुझं सिंहासन सलूनच्या खुर्चीसारखं दिसतं. दिसतंच. फक्त मान टेकायची उशी नाही.
चहा न पिता गेला. पार्वती म्हणाली, चाळीस वर्सांचा मानूस घालवला, मिठाच्या खड्यापायी. पार्वतीचा रुडॉल्फकडे ओढा आहे. तो तिला सुके बोंबील आणून देतो.

२६ जानेवारी
संताप! संताप!
हितेश म्हणाला की बाजींनी लोबानचं पाकीट स्वतः आणून ठेवलंय, दाराशी जाळायला. वा! ऊद माझ्याकडे दिलाय ना? मग हे काय? सैपाकाला बाई ठेवायची आणि डबा बाहेरून मागवायचा!
राजीनामा लिहिला. दोन पानी, जहाल. द्यायला निघालो तर सापडेना. पार्वतीनं त्याच्या पाठीवर वाणसामानाची यादी लिहून वाण्याकडे दिला होता. वाण्यानं सामान बरोबर दिलं. राजीनाम्यावर काही बोलला नाही.
देशाचा दिवस म्हणून बाजींना माफ केलं.

१ फेब्रुवारी, रविवार
पत्रिका छापून आली. 'ऊद: जनाब रघुनाथ साहब (सलाला वाले)'. रुडॉल्फचं नाव खाली, बारीक अक्षरात. मी मुद्दाम नाही बघितलं, दिसलं.
पत्रिका शर्टाच्या खिशात ठेवतो, नाव वर येईल अशी. मासळीवाल्या हंसाला दाखवली. ती म्हणाली, काका, ऊद विकायला लागलात काय? म्हटलं, हंसा, तुझ्याकडून पापलेट घेतो, अपमान नको.
संकल्प: भाषण चाळीस पानांवरून पंचवीसवर आणायचं.

५ फेब्रुवारी
भाषण सेहेचाळीस पानांवर गेलं. मध्ये नवे मुद्दे सुचले.

७ फेब्रुवारी
आज हॉलमध्ये तालीम. गेलो नाही. झाकली मूठ. बाजींनी फोनवर विचारलं, एक बार सुना देते तो अच्छा था. म्हटलं, ऐनवेळीच ऐका. बाई म्हणाल्या, बड़े फ़नकार ऐसे ही होते हैं. 'मोठे' म्हणाल्या. पार्वतीला दोनदा सांगितलं.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३
निघतोय. पिशवीत धुपाटणं, चिमटा, अर्धा किलो ऊद, वही; कोळसा हितेश देणार. धोतर की सफारी? सफारी. रागवायचं नाही. रुडॉल्फ समोर आला तर छताकडे बघायचं.

९ फेब्रुवारी. सकाळी ६
शांतपणे लिहितो.
हॉल भरलेला. नया नगर, बेव्हर्ली पार्क, उत्तन, सगळीकडची माणसं. मुलांचं नाटक बरं झालं. मग बाजींनी पुकारलं, अब वो लम्हा जिसका हम सबको इंतज़ार था! पडदा उघडला. मी गादीवर. माइक हितेशनं गुडघ्याच्या उंचीवर लावलेला. विचारलं तर म्हणाला, काका, बाजीने बोला छे, ऊद तुम्हारे पेट के आगे रहेगा ने. मला बरं वाटलं. निखाऱ्यावर ऊद पडला की चटचट होते, ती टिपायला. किती बारीक विचार!
पहिली मूठ टाकली. चारशे माणसं गप्प. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता. मिनिट गेलं, दोन गेली. मागून कोणीतरी ओरडलं, काका, बजाओ! काय वाजवायचं? टाळ्या त्यांनी वाजवायच्या. मी मान डोलावली आणि दुसरी मूठ टाकली. तिसरी जरा मोठी झाली.
तेवढ्यात बाजी वाकून स्टेजवर आल्या. तोंडावर ओढणी. काका, आपका ऊद कहाँ है? मी बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, ये तो लोबान है. साज़ कहाँ है? साज़! तारों वाला!
तेव्हा कळलं. अरबीत ऊद म्हणजे वाद्य. कापलेल्या भोपळ्यासारखं पोट असतं, मांडीवर घेऊन तारा छेडतात. आपला ऊद देवापुढे जळतो, त्यांचा मांडीवर वाजतो. हे मला कोणी सांगायचं नाही? चार आठवडे 'ऊद ऊद' करतात, एकदा 'वाजवायचा' म्हणायला काय जीभ झिजते? सलालाच्या लोकांनीही सांगितलं नाही. आतल्या गाठीचे.
बाजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तयारीत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, ग़लती मेरी है काका. अब बैठे हैं तो दो लफ़्ज़ कह दीजिए. वक़्त आप ही का है.
महिनाभर ज्यासाठी झुरलो तेच. वही उघडली. धुरानं डोळ्यांत पाणी, अक्षरं पोहायला लागली. सेहेचाळीस पानांतला एक शब्द दिसेना. वही मिटली. मग जे आलं ते बोललो. इथं उतरवून ठेवतो, नंतर आठवायचं नाही.
म्हणालो, मी सलालाला कॅन्टीनमध्ये भांडी घासायला होतो. जेवण घशाखाली उतरायचं नाही. एक दिवस समोर मिठाची बरणी आली. जाडे खडे, जरा मळकट. एक खडा तोंडात टाकला आणि बाबा दिसले, आगरात, उन्हात, गुडघ्यापर्यंत पाय भेगाळलेले. ते मीठ कुठलं होतं मला माहीत नाही. आपलंच आहे असं मी ठरवलं. तसं ठरवलं नसतं तर आठवडाभर टिकलो नसतो. अकरा महिने टिकलो. राणी तिची श्रीमंती घेऊन फिरली असेल. मी त्या एका खड्यावर राहिलो. एवढंच.
उठलो. कोणी हाललं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. दीड-दोन मिनिटंच झाली असतील.
उरलेल्या वेळात रुडॉल्फ चढला. स्वतःच्याच सिंहासनावर बसून उत्तनची लग्नाची गाणी म्हणाला. त्या गड्याला माइक लागत नाही. लोकांनी ताल धरला. शेबाच्या राणीचा आणि त्या गाण्यांचा काय संबंध, हे विचारायला हवं.

१० फेब्रुवारी
विचार केला. रागवायचं कारण नाही. ऊदाचं विसरा, चारशे माणसं रडवली! वहीशिवाय! पार्वतीनं ऐकलं नाही, ती खोकत बाहेर गेली होती. तिचं नशीब. विचारत होती, काय बोललात? म्हटलं, व्हिडिओ येईल तेव्हा ऐक.

१२ फेब्रुवारी
हंसा म्हणाली, काका, तुमच्या कार्यक्रमाला माझी भाची होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बघा!
संकल्प: असंच बोलायचं. भाईंदर पश्चिमेच्या ज्येष्ठ नागरिक संघाला पत्र टाकायचं. मग उत्तन. वही माळ्यावर टाकली. बाबांचा फोटो माळ्यावरून खाली काढला, पुसला. लावायला खिळा हवा.

१५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५
रुडॉल्फ आला. आपणहून. बोंबील पार्वतीकडे दिले, खिळा ठोकून दिला. मी छताकडे बघितलं नाही.
त्याच्या मोबाइलवर बाजींचा व्हिडिओ आला होता. तिघं बसलो. पार्वती चष्मा लावून, अगदी पुढे सरकून. धुरात मी दिसतोय. ओठ हलतायत. आवाज येतोय तो फक्त धुपाटण्याचा. चट. चट. चट. मग मी खाली वाकून खोकलो, तो मात्र स्पष्ट. रुडॉल्फनं आवाज वाढवला. चटचट वाढली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले आणि खुर्च्या मागे ओढल्या.
रुडॉल्फ म्हणाला, रघू, अख्खा हॉल इचारतोय, काय बोलत व्हतास रे येवढं?
पार्वतीही बघायला लागली.
सांगितलं, कोळसा ओला दिला म्हणून हितेशला शिव्या घालत होतो.