तिकीट खिडकीत मी नव्हते

बुधवार, दुपार
(सुट्ट्या संपायला अजून अवकाश आहे)

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भाऊजींची कंबर आता कशी आहे? ठकीला माझा पापा दे. गालावर घेतलेला तिला आवडत नाही म्हणालीस, मग डोक्यावर दे. मी बरी आहे. जेवण होतं, झोप लागते, पगार तारखेला होतो. अजून काय हवं माणसाला.

तू लिहिलंस, फोनवर मी नुसतं "हो हो" करते आणि ठेवून देते, म्हणून या वेळी लिहून उत्तर दे. ठकीला जन्म मी दिला, हे तिला आता सांगायचं का? शाळा सुरू व्हायच्या आत सांगावं असं तुम्हा दोघांना वाटतं, पण मी हो म्हटल्याशिवाय तुम्ही तोंड उघडणार नाही. इतकं सरळ विचारलंस. मीही सरळ सांगणार आहे. आज माझी सुट्टी आहे, खोलीत पंखा चालू आहे, समोर कागद आहेत, पळून जायला जागा नाही. फक्त जरा दमानं घेते. तुला घाई असेल तर शेवटचं पान आधी वाच, तसंही गोष्टीची पुस्तकं तू शेवटाकडूनच वाचायचीस.

इकडे पार्कात गर्दीनं नुसता उच्छाद मांडलाय. फाटक उघडायच्या आधीपासून माणसं उभी. आत मुंगीला शिरायला जागा नाही. मजा करायला येतात, रांगेत उभी राहतात, भांडतात आणि फोटोत हसतात. परवा एका छत्रीच्या सावलीवरून दोन कुटुंबं हमरीतुमरीवर आली. मोठ्या पाळण्याच्या रांगेत एक आजोबा घडीच्या स्टुलावर बसल्या बसल्या झोपले. रांग त्यांना वळसा घालून पुढे सरकत राहिली, उठवलं कुणीच नाही. जाग आल्यावर शेजारच्या माणसाला म्हणाले, "तुम्ही माझ्या मागे होतात का हो?" तो म्हणाला, "मी तर आत्ता आलोय." आजोबांनी स्टूल उचललं आणि मागे जाऊन उभे राहिले.

तुला मी सगळं पढवून ठेवलं होतं. फाटक उघडायच्या आधी या. आत शिरल्यावर सगळे उजवीकडे पळतात, तुम्ही तडक पार मागच्या टोकाला जा आणि तिथून उलट्या दिशेनं या. भूक लागायच्या आधी जेवा, म्हणजे जेवणाच्या रांगेत जीव जात नाही. पाण्याचे खेळ सगळ्यात शेवटी. पोरीच्या मनगटावर फोन नंबर लिहा. आणि खारूताईला भेटायचं असेल तर जेवणानंतर भर उन्हात या, तेव्हा रांग त्यातल्या त्यात कमी असते. तू यातलं एकही ऐकलं नाहीस. ऐकशील तर ताई कसली! ऐन गर्दीच्या वेळी आलात, पाठीला तीन पिशव्या, भाऊजी आधीच वैतागलेले. खारूताईचं तेवढं मात्र ऐकलंस.

आणि तुम्ही मला शोधलंत. तू लिहिलंस, सगळ्या तिकीट खिडक्या पालथ्या घातल्या. मागची माणसं खेकसत होती, "ओ बाई, रांगेतून या," तरी प्रत्येक खिडकीत डोकं घालून विचारलंस, "माझी बहीण इथे काम करते, आहे का?" कुणाला मी माहीत नव्हते. मग भाऊजी म्हणाले, "तिला भेटायचंच नाहीये, तुला कळत नाही का?" हे वाक्य तू पत्रात लिहिलंस आणि पुढच्या ओळीत लगेच ठकीच्या नव्या बुटांबद्दल लिहिलंस. मी ते वाचलं आणि बुटांबद्दलही वाचलं.

ताई, तिकीट खिडकीत मी नव्हते. कधीच नव्हते. आईला सांगायला काहीतरी बरं दिसणारं हवं होतं, म्हणून खिडकी सांगितली. पोरगी शेपूट लावून नाचते हे तिला कुठल्या तोंडानं सांगू! आई गेली, खिडकी तेवढी राहिली.

मी खारूताई आहे. कारंज्यापाशी जी उभी असते, जिच्याबरोबर लोक फोटो काढतात, ती. एकटी मीच नाही. खारीचा एकच अंगरखा आहे, तो मी आणि माझ्या जोडीचा लंबू आळीपाळीनं घालतो. लंबू आत असला की खारूताईचे पाय जरा जास्त दिसतात, पण पोरांना त्याचं काही नसतं. दिवसभर सगळं जग मला "ताई, ताई" करतं, आणि मी कुणाला उत्तर देत नाही, कारण आतून बोलायची बंदी आहे. लोकांसमोर डोकं काढायचं नाही. बाहेरचं दिसतं ते खारीच्या तोंडातल्या जाळीतून, तेही कमरेएवढंच. पोरांची डोकी, मोठ्यांची पोटं, पिशव्या, हात. माणसाचा चेहरा मला दिसतच नाही. सोबत एकजण असते, रांग आवरायला आणि माझं शेपूट सांभाळायला. तिला आम्ही हवालदारीण म्हणतो. फोटो झाला की ती माझ्या पाठीवर एक थाप मारते. दोन थापा म्हणजे सोड, पुढचं येऊ दे.

एरवी आमचा नियम असा की मिठी मुलानं आधी सोडायची, आपण नाही. सुट्ट्यांच्या गर्दीत तो नियम बंद असतो. साहेब म्हणाले, असं केलं तर रांग रस्त्यावर जाईल. म्हणून आता दोन थापांचं राज्य आहे. मला ते बरं पडतं. थाप पडली की हात आपोआप सुटतात, डोकं वापरावं लागत नाही. लंबू म्हणतो, "तुझ्यासारखी खार पार्कात झाली नाही, तुला ना राग ना लोभ." तो हे कौतुकानं म्हणतो.

त्या दिवशी लंबूची पाळी होती. मी मागून घेतली. तुला जेवणानंतर यायला सांगितलं ते रांगेसाठी नव्हे, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. पण पोरीसाठी जीव तुटत होता म्हणून मी हे केलं, असं समजू नकोस. तसं असतं तर मी साधी येऊन भेटले नसते का? मला फक्त बघायचं होतं, ती जवळ आल्यावर मला काही होतं का.

तुला माहीत आहे ती जन्मली तेव्हा मी कशी होते. ती रडायची आणि मला नुसता आवाज ऐकू यायचा. ठकीचे बाबा निघून गेले त्यानं असं झालं असं सगळे म्हणाले, मीही हो म्हटलं. पण ते जायच्या आधीपासून तसंच होतं. भूक लागलेली कळायची नाही, ऊन लागलेलं कळायचं नाही. तू यायचीस, तिला घ्यायचीस, ती गप्प व्हायची. मी बघत बसायचे. आईनं मधे पडून ठरवलं आणि तू तिला घेऊन गेलीस, तेव्हा दार लावून मी केर काढला होता. सगळ्यांना वाटलं दुःख गिळतेय. मी काही गिळत नव्हते गं. खरंच केर काढत होते.

तर ती आली. मी तिला बुटांवरून ओळखलं नाही, चेहऱ्यावरून तर नाहीच. हवालदारीण म्हणाली, "मनगटावर नंबर कुणी लिहिलाय? हुशार आहे तुझी आई." नंबर बघितला, तो तुझा होता. हेही एक माझं ऐकलं होतंस म्हणायचं. ठकीनं पळत येऊन मिठी मारली. डोक्याला खोबरेल तेलाचा वास होता. मी माझ्याकडे लक्ष देऊन उभी होते, डॉक्टरनं छातीला नळी लावावी तशी. काही नाही, ताई. आधीच्या पोराला मारली तशीच मिठी होती.

मग तिनं मान वळवून ओरडून हाक मारली, "आई! तू पण ये ना!"

आमच्याकडे एखाद्या पोरानं "आई" म्हणून हाक मारली की रांगेतल्या निम्म्या बायका वळून बघतात. ज्यांची पोरं कडेवर आहेत त्याही वळतात. जाळीतून ती पोटं वळताना मी रोज बघते, मजा वाटते. त्या दिवशीही वळल्या. माझी मान जागची हलली नाही. तेव्हा मला माझं उत्तर मिळालं होतं आणि ते तुला एका ओळीत कळवून मी मोकळी झाले असते.

पण तू आलीस. जाळीतून आधी तुझी पिशवी दिसली, मग हात, मनगटावर इस्त्रीचा तो डाग. म्हणालीस, "अगं मी कुठे, मी घामेघूम झालेय." तरी आलीस. एक हात माझ्या गळ्यात टाकलास आणि हळूच, ठकीला ऐकू जाणार नाही असं म्हणालीस, "बाई गं, आत किती उकडत असेल तुला. पाणी तरी देतात का?" हवालदारीण म्हणाली, "देतात, देतात, पुढे चला." आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास.

मला रडू फुटलं. ठकीसाठी नाही. तुझ्यासाठी. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं गं, उकडतंय का म्हणून. आत डोळे पुसता येत नाहीत, नाक पुसता येत नाही, सगळं गळ्याखाली जातं. मी तुला धरलं आणि सोडलंच नाही. आठवत असेल तुला. हवालदारणीनं दोन थापा मारल्या, परत दोन मारल्या, मग शेपूट ओढलं. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "झालं का नाही अजून?" तू हसत होतीस, "अगं सोड बाई, माझा क्लिप अडकलाय." ठकी टाळ्या पिटत होती, "आईला सोडत नाही, आईला सोडत नाही!" शेवटी हवालदारणीनं माझे हात धरून सोडवले. तुम्ही गेलात, पुढचं पोर आलं. मी त्यालाही मिठी मारली, कामच ते.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "रांग का थांबवलीस? ओळखीच्या होत्या का?" मी म्हटलं, "बहीण." ते म्हणाले, "मग आधी सांगायचं ना! रांगेबाहेरून घेतलं असतं." चांगला माणूस आहे.

तू लिहिलंस की ठकी अजून सांगते, खारूताईनं आईला सोडलंच नाही. तू ते गंमत म्हणून लिहिलंस.

आता उत्तर. ठकीला सांग. तिच्यापासून लपवण्यासारखं आपण काही केलेलं नाही, आणि बाहेरून कळलं तर ती तुझ्यावर चिडेल, माझ्यावर नाही. का दिलं असं विचारलं तर खरं ते सांग, की मावशीला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं, तुझंही नाही आणि स्वतःचंही नाही. आठ वर्षांच्या पोरीला हे समजतं. तिला न समजलं तर मोठी झाल्यावर समजेल. ती रडली तर जवळ तू आहेस.

आणि तुला घाबरायचं कारण नाही. तू घाबरतेस हे मला माहीत आहे. ठकी रांगायला लागली तेव्हापासून तू मला "ये" म्हणणं बंद केलंस. पत्रात सगळं असतं, कंबर, बूट, शाळा, फक्त "कधी येतेस" नसतं. मी पोर परत मागेन असं तुला वाटलं. मीही विचारलं नाही, म्हटलं बरंच आहे, आपल्याला कुठे काही वाटतंय. आता लिहिते, वाचून घे. मला ठकी नकोय. ती तुझी आहे, ते मी त्या रांगेसमोर उभं राहून बघितलंय. मी पोर दिली तेव्हा बहीणही गेली माझी. पोरीची चौकशी सगळ्यांनी केली, या दुसऱ्या गोष्टीची कुणी केली नाही, मीसुद्धा नाही. मला ती बहीण परत हवी आहे. तेवढी एकच गोष्ट मी मागतेय.

गर्दी सरली की मला रजा मिळते. तू ये म्हणालीस तर मी येईन. नाही म्हणालीस तरी ठकीला सांगायचं ते सांगच, त्याचा याच्याशी संबंध लावू नकोस. आले तर भाऊजींना त्रास होईल असं वागणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरात बसेन, तू बोल, मी ऐकेन, नाहीतर मी बोलेन. बोलायचं मला नीट जमेल की नाही माहीत नाही, सवय मोडली आहे.

आधी तुझी, मग बाकी कुणाचीही,
धाकटी