बारावा धडा

प्रिय आईस,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आनंदाची बातमी म्हणजे आम्हा वेबसाइट बनवणाऱ्यांच्या मंडळाच्या बातमीपत्रात माझं नाव छापून आलंय. आमच्यात पद्धतच आहे, आपल्याला येतं ते काम धडे लिहून सगळ्यांना शिकवायचं. माझे धडे वाचून अगदी नवखा माणूसही आठवड्याभरात माझं काम करू लागतो म्हणे! बाबांना नक्की सांग.

साहेबांनी तर माझंच उदाहरण देऊन ऑफिसातल्या सगळ्यांना असे धडे लिहायला लावले. शेजारच्या दाढीवाल्याने त्याचे सोमवारी संपवले. मंगळवारी त्याची खुर्ची रिकामी. त्याचा चहाचा कप अजून टेबलावरच आहे, मी तो रोज विसळून ठेवते. पलीकडच्या दोघींचंही तसंच झालं. बदली झाली असेल. तू उगाच काळजी करत बसू नकोस.

माझे अकरा झाले, शेवटचा बारावा राहिलाय. तो मी रेंगाळत लिहितेय. साहेब आज दोनदा येऊन हसत विचारून गेले, "काय, कुठवर आलं?"

माझ्या खोलीत तू शिवणयंत्र मांडणार होतीस ना? एवढ्यात नको मांडूस.

तुझीच,
धाकटी