ठिगळ नसलेला वाडगा

लानाई बेट, हवाई, मंगळवार

सौ. उइलानीताईला,

धाकट्या काओनोहीचा वाकून नमस्कार. इकडे सगळं खुशाल आहे, माझी पाठ सोडून. हिलोच्या पावसात तुझे गुडघे काय म्हणतात? बाबांनी लेथवर कातलेला तुझा पाइनचा वाडगा फळीवर सुखरूप आहे. लेकीच्या लग्नात अळूच्या कंदांची पोई त्यातूनच वाढायची, पोस्टाने पाठव, असं लिहिलंस. काळजी नसावी.

उशीर झाला तो शेजारच्या पुआनानी आंटीमुळे. (तीच ती, तुझ्या लग्नात ढसाढसा रडलेली, केक संपला म्हणून.) मी करून दिलेला वाडगा घेऊन आली आणि म्हणाली, "याला चार ठिगळं लाव." उलटासुलटा करून पाहिला, तडा औषधालाही नाही. पण तिच्या नणंदेच्या वाडग्याला तड्यांवर बसवलेली फुलपाखराच्या आकाराची पाच लाकडी ठिगळं आहेत, म्हणून प्रत्येक मेजवानीत तो मधोमध बसतो आणि हिचा टोकाला, चिप्सजवळ. मी म्हटलं, "आंटी, फुटलेला वाडगा कुणीतरी जपला, त्याचा तो मान. न फुटलेल्याला ठिगळ म्हणजे शुद्ध खोटेपणा." "मग फोडून दे!" म्हणाली. मी कानाला हात लावला.

मग तिने तो रोज वापरला, ओट्यावरून पाडला, शेवटी नवऱ्यावर फेकला. टेंगूळ नवऱ्याला आलं, वाडगा जसाच्या तसा. (स्वतःची स्तुती नाही, आपलं सांगतो.) गेल्या आठवड्यात पुन्हा आली, "हा काय दगड केलायस?" म्हणत. नाजूक काम कशाला म्हणतात ते तिला कळावं म्हणून मी बाबांचा वाडगा काढून उन्हात धरला. त्याची कड इतकी पातळ की ऊन आरपार येतं आणि फांद्यांच्या सहाही गाठी लालबुंद दिसतात. आंटी पुढे वाकून गाठी मोजू लागली. बाबांची फार आठवण आली. बाकी विशेष काही नाही.

लेकीला आशीर्वाद.

तुझा,
काओनोही

ता. क. वाडगा सुखरूप आहे असं वर लिहिलं, ते गेल्या आठवड्यापर्यंत खरं होतं. डोळे पुसायला मी एक हात काढला. तीन तडे गेले.

ता. क. २. बाबांच्या पटाशीची मूठ कापून दोन ठिगळं बसवली. तिसरंही कापून तयार आहे, पण ते मी बसवणार नाही. ते तू बसवायचंस. पोस्टाने काही येणार नाही. बाबा गेल्याला सहा वर्षं झाली ताई, तू एकदाही इकडे पाऊल टाकलं नाहीस. ये. सरस तापवून ठेवतो.

ता. क. ३. तीन तडे पाहून पुआनानी आंटीने कपाळाला हात लावला. म्हणाली, "मेल्या, नशीबवान आहात तुम्ही!"