शेवटी उरेल त्याचा खेळ

अक्कोर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी बाईंना हाक मारायचा हा कानडी शब्द जिभेवर आला की मला धारवाडच्या शाळेचं मैदानच दिसतं. पी.टी.चा तास. दोन कॅप्टन एकेक नाव पुकारताहेत आणि मी, अंगानं जाड, नेहमीसारखी शेवटी उरलेली. 'हिला तुम्हीच घ्या' म्हणून दोघांचं भांडण चाललंय. दर वेळी माझं पोट दुखायचं आणि ते सोंग नसायचं. अखेर माझे अप्पा शाळेत आले, हिला खेळातून कायमची सूट द्या म्हणाले. मला तर आभाळ ठेंगणं झालं. तुम्ही मात्र म्हणालात, "तडीरी अण्णा, एक आठवडा थांबा. मग तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्याच दिवशी तुम्ही नियम काढलात, "शेवटी जो उरेल, आजचा खेळ त्यानं सांगायचा." उरले अर्थात मीच. घरामागे एकटी खेळायची ती ठिकरी सांगितली. मुलं कुरकुरली. तुम्ही पदर खोचून पहिल्या उतरलात, लंगडी घालता घालता तांबड्या धुळीत बसकण मारलीत आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात. "आता मला शिकव की गं!" मी शिकवलं. संध्याकाळी अप्पांना म्हटलं, सूट नको.

पुढे भलतीच गंमत झाली. खेळ ठरवायचा मान हवा म्हणून सगळेच शेवटी उरायला बघू लागले. वर्गातला सगळ्यांत वेगवान मुलगा लंगडायला लागला, पोरं एकमेकांच्या पाठीमागे लपायला लागली. हेडमास्तर वैतागले, "बाई, तालुक्याला पळणार कोण?" तुम्ही म्हणालात, "पळतील की सर, आधी मैदानात तर येऊ देत."

आता विद्यानगरच्या एका शाळेत शिट्टी माझ्या गळ्यात असते. परवा एक मुलगी पोट धरून पायरीवर बसली, तेव्हा मी तुमचाच नियम काढला. तिनं बसल्या जागेवरून लगोरी सांगितली. माझा एकही नेम लागला नाही, आणि हे मी मुद्दाम केलं नव्हतं. ती खुदकन हसली, उठली आणि माझ्या हातातला चेंडू काढून घेतला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं सांगते. अक्कोर, पळायला मला पुढेही कधी आवडलं नाही. मी मैदानात यायची ती तुम्हाला धुळीत बसून हसताना बघायला.